मातीच्या पोटातील त्रींद्रिय जीव

इरियावहिया सूत्राच्या पठणात श्रावक-श्राविका एकेंद्रियापासून पंचेंद्रियापर्यंतच्या जीवांची क्षमा मागतात. त्यांपैकी त्रींद्रिय जीवांत मुंगी, ऊ, ढेकूण यांच्याबरोबर गोमही गणली जाते. शांतिसूरींच्या ‘जीवविचार प्रकरणा’त तर त्रींद्रियांची यादीच ‘गोमी’पासून सुरू होते. स्पर्श, रस आणि गंध ही या जीवांची तीन इंद्रिये. आधुनिक प्राणिशास्त्रानुसारही जमिनीत राहणाऱ्या बारीक गोमींच्या संपूर्ण गणात एकाही जातीला डोळे नाहीत.

या गणातील ‘जिओफिलस फ्लेव्हस’ ही युरोपात सर्वदूर आढळणारी जाती. स्वीडिश शास्त्रज्ञ चार्ल्स डी गीर यांनी १७७८ मध्ये तिचे वर्णन केले. ‘जिओफिलस’ म्हणजे भूमिप्रिय आणि ‘फ्लेव्हस’ म्हणजे पिवळा. शरीर दोऱ्यासारखे लांबट, पिवळसर. डोके मात्र गडद. पायांच्या जोड्या पन्नासच्या आसपास, पण संख्या विषम. त्यामुळे ‘शतपद’ म्हणवणाऱ्या या जीवाला नेमके शंभर पाय नसतात.

जंगलातील पालापाचोळा, कुरणे, शेते, शहरांतील बागा, दगडांखालची जागा, समुद्रकिनारा अशा भिन्न ठिकाणी ती राहते. या सर्व ठिकाणी तिला एकच गोष्ट हवी असते, ती म्हणजे ओलावा. तिच्या त्वचेवर पाणी रोखणारा मेणाचा थर नसल्याने कोरड्या हवेत ती लवकर सुकते. म्हणून उन्हाळ्यात ती खोल जाते आणि माती भिजली की वर येते. गांडुळाप्रमाणे अंग आखडत व ताणत ती मातीतून वाट काढते आणि लहान कृमी-अळ्यांवर जगते.

मूळची युरोपातील ही गोम आज उत्तर अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियातही आढळते. समुद्र ओलांडण्याचे सामर्थ्य तिच्यात नाही. माणसाने नेलेल्या रोपांच्या मुळांशी असलेल्या मातीतून असे जीव दूरदेशी पोहोचतात. मालाची नोंद वहीत होते. त्याबरोबर गेलेल्या जीवांची होत नाही. व्यापारी कुटुंबांनी विचार करावा अशी ही बाब आहे.

या गणातील मादी जमिनीतील पोकळीत अंडी घालते आणि त्यांच्याभोवती वेटोळे करून बसते. पिले बाहेर आल्यावरही काही काळ ती त्यांना सोडत नाही. कुदळीच्या एका घावाने ही जागा उघडी पडली, तर आईबरोबर सारी पिढी संपू शकते.

महाराष्ट्रातील गोमी वेगळ्या जातींच्या असल्या, तरी ओलाव्याची ओढ त्यांनाही आहे. म्हणूनच पावसाळ्यात त्या न्हाणीघरात, अंगणात, कुंड्यांखाली दिसतात. चातुर्मासात चालताना आणि जमीन खणताना जपावे, या परंपरेमागील कारण येथे प्रत्यक्ष दिसते. दशवैकालिक सूत्राने दयेआधी ज्ञानाला स्थान दिले आहे. जीव कोठे राहतो हे कळले, तरच त्याला वाचवता येते. कुंडी उचलण्यापूर्वी तळ पाहावा, न्हाणीघरात उकळते पाणी ओतण्याआधी कोपरे न्याहाळावेत. गोम दिसल्यास हात न लावता तिला जाड कागदावर घेऊन सावलीतील ओल्या मातीत सोडावे. मोठी घोण वेदनादायक चावा घेते. तिच्यासाठी लांब दांड्याची सुपली वापरावी. उघड्या फरशीवर किंवा उन्हात सोडलेला जीव मात्र सुकून मरतो, एवढे ध्यानात ठेवावे.