कट्टी आणि बट्टी

मुलांचें भांडण हा घरांतील वडील माणसांना बहुधा उपद्रव वाटतो. वस्तुतः मुलाची मैत्री कोणत्या पायरीवर आली आहे, हें ओळखण्याचें त्यासारखें दुसरें साधन नाहीं.

३ वर्षांचीं दोन मुलें वाळूंत खेळतात, तेव्हां जवळ बसूनहि प्रत्येकाचा किल्ला निराळा असतो. मिल्ड्रेड पार्टेन या अमेरिकन विदुषींनीं १९३२ सालीं प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांत याला 'समांतर खेळ' असें नांव दिलें. वयाबरोबर सहकार्याचा खेळ वाढत जातो, असें त्यांना आढळलें. या वयांत जवळ असेल तो मित्र. भांडण होतें तें फावड्यासाठीं, आणि फावडें मिळतांच तें संपतें.

७-८ वर्षांच्या सुमारास मैत्रींत हिशेब शिरतो. "माझ्यावर तीनदां राज्य आलें, त्याच्यावर एकदांहि नाहीं," ही तक्रार मोठ्यांना क्षुल्लक वाटते. परंतु तींत न्यायबुद्धीचा अंकुर असतो. सकाळची कट्टी संध्याकाळीं बट्टींत विरते, कारण हिशेब चुकता झाला म्हणजे रागाला जागा उरत नाहीं.

१०-१२ वर्षांच्या सुमारास मोठा पालट होतो. आतांपर्यंतचा खेळगडी मनांतील गोष्ट जपणारा विश्वासू बनतो. हॅरी स्टॅक सलिव्हन (मृत्यु १९४९) या मनोवैद्याचें मत असें कीं, दुसऱ्याचें सुखदुःख आपल्या सुखदुःखाइतकेंच मोलाचें वाटणें, हें मूल याच वयांतील जिवलग मित्रापासून शिकतें. येथें कट्टी होते ती गुपित फुटल्यामुळें; ती संध्याकाळीं मिटत नाहीं.

पुढें पौगंडावस्थेंत आणखी एक कठीण धडा येतो: मित्राला दुसरेहि मित्र असावेत, आणि त्यानें आपलें नातें उणें होऊं नये. हा धडा पचेपर्यंत मत्सर आणि रुसवे चालावयाचेच.

या पायऱ्या घराला ठाऊक नसल्या म्हणजे अन्याय घडतो. वडिलांची बदली होते. ३ वर्षांचा धाकटा नव्या अंगणांत चार दिवसांत रमतो. १२ वर्षांची थोरली मात्र ताटावरून उठून जाते, आणि घर तिला सांगतें, "तेथें दुसऱ्या मैत्रिणी मिळतील." हें सांत्वन धाकट्याच्या मापाचें आहे. थोरलीला हवा असतो तो जुन्या मैत्रिणीशीं निवांत बोलावयास थोडा वेळ, आणि आपलें दुःख खरें आहे असा घरांतील एखाद्या माणसाचा शब्द.