खाज अंगाला, लाज कशाला?

पावसाळा लागला की वस्तीतल्या आरोग्य भेटीत आम्हाला सर्वाधिक तक्रारी ऐकू येतात त्या खाजेच्या. त्याही हळू आवाजात, दार लोटून. ज्या समाजाला पिढ्यान् पिढ्या 'अस्वच्छ' म्हणून दूर ठेवले, त्याला त्वचेचा आजार सांगताना जास्तच संकोच वाटतो. पण खरूज आणि गजकर्ण जात पाहत नाहीत. दाटीची घरे, पाण्याची टंचाई आणि ओले कपडे मात्र त्यांना मानवतात.

गजकर्ण म्हणजे नायटा. ही बुरशी आहे. जांघेत, कमरेला, काखेत गोल लाल चट्टा उठतो, कडा उठावदार असतात आणि तो पसरत जातो. आपले लोक मेडिकलमधून एखादी ट्यूब आणतात. दोन दिवसांत खाज थांबते आणि वाटते, गुण आला! अशा कित्येक ट्यूबमध्ये क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन हे स्टेरॉइड असते. ते खाज आणि लाली दाबते, पण बुरशी आत वाढतच राहते. मग चट्टे अंगभर होतात, कातडी पातळ पडते. अशी मलमे चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असा नियम केंद्र सरकारने 2018 साली केला. तरी ती सर्रास मिळतात. म्हणून ट्यूबवर ही नावे दिसली तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका. डॉक्टरांनी दिलेले औषध चट्टा दिसेनासा झाला तरी सांगितलेल्या मुदतीपर्यंत चालू ठेवा.

खरूज सूक्ष्म किड्यामुळे होते. हा किडा कातडीत बीळ करून अंडी घालतो. बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, बेंबीभोवती पुरळ येते आणि रात्री खाज वाढते. घरात दोघा-तिघांना खाज असेल तर खरजेचीच शंका घ्या. 5 टक्के परमेथ्रिन मलम मानेपासून तळपायापर्यंत रात्री लावून सकाळी अंघोळ करायची आणि आठवड्याने पुन्हा लावायचे. हे घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री करायचे, खाज नसलेल्यांनीसुद्धा. एकट्यानेच लावले तर खरूज घरात फिरत राहते. तान्ही बाळे आणि गरोदर बाया यांच्यासाठी आधी डॉक्टरांना विचारा. कपडे, चादरी गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवा. उपचारानंतरही दोन-तीन आठवडे खाज राहू शकते, घाबरू नका.

चट्ट्यावर खाज नाही, उलट बधिरपणा आहे, तर कुष्ठरोगाची तपासणी लगेच करून घ्या. सरकारी दवाखान्यात औषध मोफत मिळते आणि आजार पूर्ण बरा होतो. उशीर केला तर हातापायांना व्यंग येऊ शकते.

रोज पाळायच्या गोष्टी साध्या आहेत:

- अंघोळीनंतर जांघा, काखा, बोटांच्या फटी कोरड्या करा.
- टॉवेल आणि आतले कपडे प्रत्येकाचे वेगळे ठेवा, ते उलटे करून उन्हात वाळवा.
- सैल, सुती कपडे वापरा.
- चिखल्या झाल्या असतील तर पाय धुऊन, कोरडे करूनच चपला-बूट घाला.

आपले अनेक बांधव सफाई कामात आहेत. दिवसभर ओल्या गमबुटात पाय कुजतात. कोरडे मोजे, धड हातमोजे, बूट मागणे हा त्यांचा हक्क आहे. तो एकट्याने नव्हे, संघटनेमार्फत मागा.

अंगभर फोड येऊन दुर्गंधी सुटलेल्या तिस्स भिक्खूला सोबत्यांनी टाकून दिले होते. तथागतांनी स्वतः पाणी तापवून त्याला न्हाऊ घातले, त्याची चीवरे धुऊन वाळवून घेतली, ही कथा धम्मपदाच्या अट्ठकथेत आहे. वर्षावासात आपण विहारात ग्रंथवाचनाला जमतोच. त्यातला एक रविवार आरोग्य तपासणीसाठी ठेवा, आशाताईंना बोलवा. खाज असलेल्याला चटईवर शेजारी बसू द्या आणि दवाखान्यात त्याच्या सोबत जा.

जय भीम! नमो बुद्धाय!