मनात काय चाललंय, हे विचारायचं कसं?

“कसला विचार करतोयस?” असं घरात कुणी विचारलं की आपण पटकन म्हणतो, “काही नाही.” मनात काहीतरी असतंच, पण ते धड सांगता येत नाही. मग मनाचा अभ्यास करणारे लोक ते काढून घेतात तरी कसं?

अमेरिकेतल्या लास वेगासचे मानसशास्त्रज्ञ रसेल हर्लबर्ट यांनी १९७०च्या दशकात बीप वाजवणारं छोटं यंत्र वापरायला सुरुवात केली. ते दिवसभरात साधारण सहा वेळा, कधीही वाजतं. बीपच्या अगदी आधीच्या क्षणी मनात जे होतं, तेवढंच टिपायचं. २४ तासांच्या आत त्यावर सविस्तर मुलाखत होते. यात गंमत अशी की “मी सतत मनात बोलत असते” असं ठामपणे सांगणाऱ्यांच्या टिपणांत कधीकधी शब्द फारसे सापडतच नाहीत! २००८ साली प्रसिद्ध झालेल्या, ३० विद्यार्थ्यांच्या अभ्यासात मनातलं बोलणं सरासरी चौथ्या हिश्शाच्या आसपासच निघालं.

फ्रान्समधल्या क्लेर पेतिमांजां यांची रीत वेगळी. त्या एकच प्रसंग घेतात आणि माणसाला त्यात परत नेतात. कुठे बसला होतात? काय ऐकू येत होतं? मग काय झालं? “का?” मात्र विचारायचं नाही, कारण “का” म्हटलं की माणूस कारणं रचू लागतो.

ही भीती खोटी नाही. २००५ साली स्वीडनच्या संशोधकांनी लोकांना दोन फोटोंतला एक चेहरा निवडायला सांगितला, हातचलाखीने फोटो बदलला आणि विचारलं, हाच का निवडलात? बहुतेकांना बदल कळलाच नाही. उलट, न निवडलेल्या चेहऱ्याची त्यांनी कौतुकाने कारणं दिली. पेतिमांजां यांनी २०१३मध्ये असाच प्रयोग मांडला, पण निवडीच्या क्षणाबद्दल मुलाखत घेऊन. तेव्हा ८० टक्के वेळा अदलाबदल ओळखली गेली.

रोजचं मन जाणून घ्यायचं तर मला बीप जास्त भरवशाचा वाटतो. तिथे आठवणीवर फार भार पडत नाही आणि सोयीचा प्रसंगही निवडता येत नाही. पण अपस्माराचा झटका काही बीपची वाट बघत नाही. पेतिमांजां यांनी अशा रुग्णांशी धीराने बोलून झटक्याआधीच्या बारीक खुणा शोधल्या. काहींना त्या पहिल्यांदाच नीट जाणवल्या. खूण वेळेत ओळखू आली, तर रस्त्यात असलेल्या माणसाला निदान बाजूला होऊन बसता येतं.