'काळी' कोण म्हणतं, कोणाला म्हणतं?



मागे एका बैठकीत माझ्या हातून चूक झाली. ती लपवण्यापेक्षा सगळ्यांना सांगावी, आपल्या सगळ्यांच्याच कामी येईल, म्हणून या अंकात लिहिते आहे. ज्या ताईंबद्दल लिहिलंय, त्यांना विचारूनच लिहिलंय. नाव मात्र देत नाही.

आपल्या एका गटात एकाच नावाच्या दोन ताई आहेत. भावकीतल्या, म्हणून आडनावही एकच. गावात एकीला 'गोरी' आणि दुसरीला 'काळी' लावून हाक मारतात. लग्न होऊन आल्या तेव्हापासून हे चालू आहे. काळी म्हणतात त्या ताई स्वतःसुद्धा हसत म्हणतात, "मी काळीच की, तव्याची बहीण!" मग सगळ्या हसतात. मीही हसायची.

त्या दिवशी हप्त्यांचा हिशोब चालला होता आणि बँकेचे साहेब आले होते. दोघींच्या नवऱ्यांची नावं वेगळी आहेत, पूर्ण नाव लिहिलं असतं तर काम भागलं असतं. पण मी घाईत वहीत नावांपुढे 'गोरी' आणि 'काळी' असं लिहिलं आणि साहेबांसमोर मोठ्याने वाचलं. ताई काही बोलल्या नाहीत. सही केली, उठल्या. पुढच्या दोन बैठकांना आल्याच नाहीत. बचत मुलीच्या हाती पाठवली.

मी त्यांच्या घरी गेले. चहा झाला, मग म्हणाल्या, "मॅडम, मी मला काय बी म्हणीन. तुम्ही वहीत कशापायी लिवलं?"

दोन वर्षं समाजकार्य शिकले, पण हा प्रश्न मला कोणी असा सरळ विचारला नव्हता.

स्वतः म्हणणं आणि दुसऱ्याने म्हणणं

ताई स्वतःला काळी म्हणतात, कारण लोक म्हणणारच हे त्यांना लहानपणापासून माहीत आहे. आधी आपणच हसलं की दुसऱ्याच्या हसण्याची धार कमी होते. ती त्यांची ढाल आहे. मी ती परवानगी समजले, हीच माझी चूक.

असं एकटी बाईच करते असं नाही, अख्खे समाजही करतात. अमेरिकेत आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या लोकांचे वंशज राहतात. त्यांना गोरे लोक रंगावरून एक शिवी देत. ती इतकी जहरी मानतात की तिथली बहुतेक वर्तमानपत्रं ती पूर्ण छापतही नाहीत. त्याच समाजातली काही तरुण मुलं मात्र गाण्यांत, दोस्तीत तो शब्द एकमेकांना वापरतात. जो शब्द मारायला वापरला तो आम्ही हिसकावून घेतला, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्यातल्याच कित्येक वडीलधाऱ्यांना हे पटत नाही. पण बाहेरच्याने तो शब्द तोंडात घेऊ नये, यावर दोघांचं जवळजवळ एकमत आहे.

'ब्लॅक' म्हणजे काळा, या शब्दाचंही असंच झालं. पूर्वी तिथे कोणाला ब्लॅक म्हणणं अपमानाचं होतं. चारचौघांत 'निग्रो' म्हणत. १९६० नंतर चळवळीतल्या तरुणांनी ते उलटवलं. आम्ही काळे आहोत आणि काळं सुंदर आहे, अशी घोषणा दिली. आज तिथे 'ब्लॅक' चालतो आणि 'निग्रो' अपमानाचा झाला आहे. आपल्याकडे अजून सहज बोलताना 'निग्रो' म्हणतात, तो शब्द सोडून द्यायला हवा.

त्या चळवळीशी महाराष्ट्राचं नातं आहे. तिथे १९६६ साली 'ब्लॅक पँथर' ही संघटना निघाली. तिच्यावरून १९७२ साली मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार यांच्यासारख्या तरुणांनी 'दलित पँथर' काढली. दलित म्हणजे भरडलेला, तुडवलेला. 'हरिजन' हे दुसऱ्यांनी दिलेलं नाव डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नाकारलं होतं. 'दलित' हा शब्द चळवळीने स्वतः उचलला आणि ताठ मानेने वापरला. आज बौद्ध समाजातल्या अनेक जणी म्हणतात, "आम्हाला दलित नको, बौद्ध म्हणा." तेही बरोबरच आहे. आपलं नाव काय, हे ज्याचं त्याने ठरवायचं. बाकीच्यांनी ते विचारायचं.

वस्त्यांच्या नावांचंही तेच. जातीवरून पडलेली वस्त्यांची नावं बदलायचा निर्णय महाराष्ट्र सरकारने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. समता नगर, भीम नगर, क्रांती नगर अशी नावं द्यायची आहेत. कागदावर बदललं तरी आपल्या तोंडात जुनंच येतं का, हे आपणच पाहायचं.

रंग वाईट नाही, भाव ठरवणं वाईट

आपण काळ्या मातीला 'काळी आई' म्हणतो. सावळ्या विठ्ठलाच्या भेटीला पायी चालत जातो. संक्रांतीला काळी चंद्रकळा हौसेने नेसतो. मग काळ्या रंगात वाईट काय आहे? काहीच नाही. पण लग्नाच्या बायोडेटात 'वर्ण' असा रकाना असतो. तिथे सावळ्या मुलीचा 'गव्हाळ' आणि गव्हाळ मुलीचा 'गोरा' होतो. 'रंगाने जरा डावी आहे, पण कामाला चांगली' असं बोलतात. त्या 'पण' मध्ये सगळं आलं.

'हबशी' हा शब्दही आपण चिडवायला वापरतो. हबशी म्हणजे आफ्रिकेतल्या हबसाणातले, आताच्या इथिओपियाकडचे लोक. तिथून गुलाम म्हणून विकत आणलेला मलिक अंबर पुढे अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर झाला. त्याने खडकी, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, नहर बांधून पाणी आणलं. कोकणातला मुरुड-जंजिराही सिद्दींचाच. तेव्हा कोणाला हबशी म्हणून हसण्याआधी ते कोण होते ते आठवावं.

२०२० साली अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाचा पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेला आणि जगभर लोक रस्त्यावर आले. त्याच वर्षी आपल्याकडच्या 'फेअर अँड लव्हली' क्रीमच्या नावातला 'फेअर', म्हणजे गोरा, हा शब्द निघाला. आता ते 'ग्लो अँड लव्हली' आहे. नाव बदललं. बायोडेटातला रकाना अजून आहे.

या शब्दांची किंमत कोण मोजतं?

गरोदर बाईने लोहाच्या लाल गोळ्या खाल्ल्या तर बाळ काळं होतं, असं अजूनही काही घरांत सांगतात. गोळ्यांनी शौचाला काळी होते, त्यावरून ही समजूत पडली असेल. बाळाच्या रंगाचा गोळीशी काही संबंध नाही. तो आईबापांकडून येतो. गरोदरपणात १८० दिवस आणि बाळंतपणानंतर १८० दिवस ही गोळी घ्यायची असते. ती न घेतल्याने रक्त कमी पडलं तर जीव बाईचा जातो. गोरं बाळ हवं या हट्टापायी हे घडतं.

दुसरी गोष्ट कायद्याची. सासरी रंगावरून रोज टोमणे मारणं, नावं ठेवणं, अपमान करणं हा २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात शाब्दिक आणि भावनिक छळ धरला जातो. मारहाण झाली तरच तक्रार करता येते असं नाही. संरक्षण अधिकाऱ्याकडे जाता येतं, १८१ या क्रमांकावर फोनही करता येतो. आणि अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला चारचौघांत जातीवरून शिवीगाळ करणं १९८९ च्या अॅट्रॉसिटी कायद्याने गुन्हा आहे.

आपल्या गटात काय करता येईल?

१. वहीत, इतिवृत्तात, पासबुकात पूर्ण नाव आणि सदस्य क्रमांक लिहायचा. रंग, उंची, जाडी, व्यंग यांवरून खूण करायची नाही.

२. रंग सांगायची गरज असते तिथे सरळ सांगायचा. माणूस हरवला तर पोलीस विचारतात, डॉक्टर विचारतात. म्हशीच्या विम्याच्या फॉर्मवरही रंग लागतो. बैठकीच्या हजेरीला लागत नाही.

३. एखादी स्वतःवर विनोद करते म्हणून तोच विनोद आपण तिच्यावर करायचा नाही.

४. कोणत्या नावाने हाक मारलेली आवडेल, हे तिलाच विचारायचं.

५. लेकीसुनांसमोर 'उन्हात जाऊ नको, काळी पडशील' असं म्हणायचं नाही. ऊन लागेल म्हणा, डोक्यावर रुमाल घे म्हणा.

६. चूक झाली तर जिथे झाली तिथेच कबूल करायची. चारचौघांत बोललेल्याची माफी कोपऱ्यात मागून भागत नाही.

सहावा मुद्दा मला ताईंनीच शिकवला. घरी माफी मागितली तेव्हा त्या म्हणाल्या, "मला काय सांगता, बैठकीत सांगा." पुढच्या बैठकीत सगळ्यांसमोर सांगितलं. वहीतले दोन्ही शब्द खोडले, शेजारी सही केली. गोऱ्या म्हणतात त्या ताई म्हणाल्या, "मला बी ते आवडत नव्हतं. 'गोरी हाय, काम काय करणार' असं ऐकावं लागतं." हे आम्हा कोणालाच माहीत नव्हतं.

आता दोघींना माहेरच्या गावावरून हाक मारतात. जुनी सवय आहे, मधूनच कोणीतरी चुकते. मग बाकीच्या थांबवतात. ताई आजही स्वतःला तव्याची बहीण म्हणतात. तो त्यांचा हक्क आहे. आम्ही ऐकून घेतो, री ओढत नाही.

पुढच्या बैठकीत बचत गोळा झाल्यावर दहा मिनिटं काढा आणि एकच प्रश्न विचारा: तुला गावात कोणत्या नावाने हाक मारतात, आणि तुला ती आवडते का? काय उत्तरं आली ते मला नक्की कळवा.

तुमचीच,
क्षेत्र समन्वयक