मेकअपचा स्पंज धुताय ठीक आहे, पण वाळवताय कसा?

(हेडफोन विसरलेल्यांसाठी आणि कंपनीच्या बसमध्ये गुपचूप वाचणाऱ्यांसाठी या भागाचा हा लिखित अवतार. बोलतानाचे 'अं' काढलेत, 'म्हणजे' जमेल तेवढे काढलेत.)

आजचा विषय ऐकून आमच्या ग्रुपमधले दोघे मुलगे म्हणाले, "हा भाग आम्ही स्किप करतो." करू नका. हल्ली लग्नात नवरदेवालाही फोटोसाठी फाउंडेशन लावतात. तो स्पंज त्याआधी कोणाकोणाच्या गालावरून फिरून आलाय, हे कधी विचारलंय का?

मीही विचारलं नव्हतं. ऑगस्ट 2023, माझ्या वहिनीची पहिली मंगळागौर. आठवत असेल, त्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर डोळ्यांची साथ होती. आम्ही पाच जणी एका खोलीत, आरसा एक, आणि मेकअपचा स्पंज एक. तो माझा. फुगड्या, झिम्मा, घाम, परत टचअप. कोणीतरी हौसेने आजीच्याही गालाला थोडं लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी माझे डोळे चिकटलेले. मग वहिनीचे, मग आतेबहिणीचे. आणि तेव्हा आठवलं, की आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन जेमतेम दोन महिने झालेत.

आजीला सुदैवाने काही झालं नाही. पण चार दिवस तिची खोली वेगळी, ताट वेगळं, आणि आई दर दोन तासांनी तिचा डोळा बघून यायची. साथ स्पंजमुळेच पसरली असं मी छातीठोक सांगू शकत नाही, कारण त्या दिवशी टॉवेलही एकच होता. पण आई मला एवढंच म्हणाली, "तो गुलाबी बोळा शेवटचा कधी धुतलास गं?" उत्तर होतं, कधीच नाही. घेऊन सात महिने झाले होते.

(हसते) आता हसते, तेव्हा नव्हते हसले.

यात मी एकटी नाही, हे नंतर कळलं. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या ॲस्टन विद्यापीठाने 2019 मध्ये वापरातल्या 467 मेकअप वस्तू तपासल्या होत्या: लिपस्टिक, मस्कारा, आयलायनर, लिपग्लॉस आणि हे स्पंज. सगळ्यांत वाईट अवस्था स्पंजांची. त्यातले 93 टक्के कधीच धुतलेले नव्हते आणि 64 टक्के कधी ना कधी जमिनीवर पडलेले होते. त्या तपासणीत ई. कोलाय आणि स्टॅफिलोकॉकस ऑरियस हे जंतू सापडले. पहिला मुख्यतः आतड्यात राहणारा. तो चेहऱ्याच्या वस्तूवर कसा आला, याचा विचार जेवताना करू नका.

आता स्पंजच का? कारण त्याची रचना. हा फोम म्हणजे एकमेकांना जोडलेल्या बारीक पोकळ्यांचं जाळं. ब्रशचे केस मोकळे असतात, हवा लागते. स्पंजात वर लावलेलं आत खोल जातं. शिवाय फाउंडेशन वाया जाऊ नये म्हणून आपण तो ओला करून वापरतो. म्हणजे ओलावा, त्वचेचं तेल, मेलेली त्वचा आणि अंधार, सगळं एका जागी. बुरशीला याहून चांगला फ्लॅट पुण्यात मिळणार नाही, आणि तोही विनाभाडं.

धुण्याची पद्धत सांगते. कोमट पाण्याच्या नळाखाली स्पंज धरा, दाबा, सोडा, पुन्हा दाबा. पूर्ण फुगेपर्यंत. आधीच साबण लावला तर तो वरवरच राहतो, आत पोचत नाही. मग बेबी शाम्पू किंवा घरातला कुठलाही सौम्य शाम्पू, नाण्याएवढा. तळहातावर ठेवून दाबत राहा. पिळायचं नाही, म्हणजे ओल्या जीन्सला देतो तसा पीळ द्यायचा नाही. आणि डागावर नख अजिबात लावायचं नाही. नखाने फोम फाटतो आणि त्या फटीत पुढच्या वेळी मेकअप जाऊन बसतो.

वॉटरप्रूफ किंवा दिवसभर टिकणारं फाउंडेशन असेल तर शाम्पू एकटा पुरत नाही. त्यात बहुतेकदा सिलिकोन आणि तेलं असतात. इथे आजीचंच शास्त्र: तेलाने तेल काढायचं. शाम्पूच्या आधी खोबरेल तेलाचे तीन-चार थेंब डागांवर चोळा, मिनिटभर थांबा, मग शाम्पू. शाम्पूच्या रेणूचं एक टोक तेलाला धरतं आणि दुसरं पाण्याला, त्यामुळे सुटलेलं तेल पाण्याबरोबर निघून जातं. फक्त हे तेल नीट धुऊन काढा. मुरुमं येणाऱ्या त्वचेवर खोबरेल राहिलं तर ते छिद्रं बुजवतं, आणि मग मलाच शिव्या द्याल.

किती वेळा धुवायचं? एका पांढऱ्या कपात पिळून बघा. पाणी गढूळ आलं तर अजून एकदा. माझ्या पहिल्या धुण्याला सात कप झाले होते. सातवा कपही फिक्या चहासारखा होता, मग मी तो स्पंज सरळ टाकून दिला. कपातलं पाणी स्वच्छ आलं पण स्पंजावर तपकिरी छटा राहिली, तर मात्र घाबरू नका. फाउंडेशनचा रंग लोह ऑक्साइडचा असतो, तो फोमला धरून बसतो. डाग वेगळा, घाण वेगळी.

आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकरचं पाणी येतं. तुमच्याकडे बोअरचं किंवा टँकरचं असेल तर अंगाचा साबण वापरू नका. जड पाण्यातलं कॅल्शियम साबणाबरोबर पांढरा चिकट थर करतं, बादलीच्या कडेला दिसतो ना, तोच. तो स्पंजात राहिला की स्पंज कडक होतो. शाम्पूने सहसा तसं होत नाही. शेवटचं एक खळबळणं प्यायच्या पाण्याने केलंत तर उत्तम, पेलाभर पुरतं.

इथपर्यंत बहुतेक रील्स सांगतात. माझी खरी चूक याच्या पुढे होती.

मंगळागौरीनंतर मी इतकी शहाणी झाले, की नवा स्पंज दर रविवारी धुवायचे. अलार्म लावून. धुऊन, दाबून, त्याच्याबरोबर आलेल्या गोंडस प्लास्टिकच्या अंडाकृती डबीत बंद. पुढच्या जुलैमध्ये वास यायला लागला. पावसात न वाळलेल्या मोज्यांचा येतो तसा. हनुवटीवर पुरळ. बाहेरून स्पंज एकदम स्वच्छ! शेवटी वैतागून ब्लेडने मधोमध कापला. आत काळे ठिपके. ज्वारीच्या कणसावर काणी पडते तसे. बुरशी. म्हणजे दर रविवारी मी तिला आंघोळ घालून परत घरात झोपवत होते.

ऑफिसात एखादा बग सापडला की आम्ही आधी लॉग बघतो. इथे लॉग म्हणजे स्वयंपाकघरातला वजनकाटा. दोन सारखे स्पंज आणले, कोरडे असताना वजन लिहून ठेवलं. दोन्ही धुतले, सारखेच दाबले. एक डबीत, एक चहाच्या नव्या गाळणीत, पंख्याखाली. दुसऱ्या दिवशी सकाळी गाळणीतला स्पंज कोरड्या वजनावर परत आलेला. डबीतला जवळजवळ कालच्याइतकाच जड. भर पावसाळ्यात, हां. डबीला खाली दोन भोकं होती तरी. आई काट्याकडे बघून म्हणाली, "यासाठी बीटेक केलंस?"

हो, यासाठीच.

तर वाळवणं असं: धुतल्यावर स्वच्छ सुती टॉवेलात गुंडाळून दोन्ही तळव्यांनी दाबा, पाणी टॉवेलात ओढलं जातं. मग जिथे खालूनही हवा लागेल अशी जागा. बाजारात तारेचं स्टँड मिळतं, पण गाळणी तेच काम करते. मात्र ती गाळणी चहात परत जायची नाही! पालथ्या बशीवर ठेवला तर खालची बाजू ओलीच राहते. बाथरूममध्ये तर नकोच, तिथली हवा आधीच दमट असते. पावसाळ्यात रात्रभर पंखा, आणि सकाळी हातात घेऊन दाबून बघा. आत गार लागलं तर अजून ओला आहे. माझ्याकडे आता दोन स्पंज आहेत, एक वापरात, एक वाळत. दोन साधे स्पंज एका महागड्या स्पंजापेक्षा बरे, हे माझं स्पष्ट मत.

रोज धुणं आदर्श आहे, मलाही जमत नाही. आठवड्यातून एकदा तरी धुवा, आणि न धुतलेल्या दिवशीही वापरून झाल्यावर तो मोकळ्या हवेत ठेवा, पाऊचमध्ये नाही. कारण वापरताना आपण तो ओला केलेलाच असतो. साधारण तीन महिन्यांनी बदला. फाटला, वास आला किंवा काळा ठिपका दिसला तर त्याच दिवशी टाका. आत गेलेली बुरशी धुऊन पूर्ण निघेल याची खात्री नाही.

व्हॉइस नोट्समधून आलेले प्रश्न पटापट घेते. मायक्रोवेव्ह? रील्समध्ये कपात पाणी घालून ठेवतात. मी करत नाही. स्पंज कोरडा राहिला तर जळतो, आणि त्याच भांड्यात आपण जेवण गरम करतो. उकळत्या पाण्यात? फोम लवकर खराब होतो. जंतुनाशक लिक्विड? ते फोममध्ये राहून चेहऱ्यावर आग होऊ शकते, नको. डोळे आलेले असताना वापरलेला स्पंज धुवून चालेल का? नाही. टाका, आणि मस्काराही टाका.

शेवटचा प्रश्न कोल्हापूरच्या एका श्रोतीचा. परगावी लग्नाला जाताना सकाळी वापरलेला ओला स्पंज कसा न्यायचा? कोरड्या सुती रुमालात सैल गुंडाळून, बॅगेच्या वरच्या कप्प्यात. झिपच्या पिशवीत नको. मुक्कामी पोचलात की आधी तो बाहेर काढून पंख्याखाली ठेवायचा, मग चहा. आणि तिथे कोणी म्हणालं, "दे ना गं जरा तुझा," तर जास्तीचा नवा कोरा स्पंज पुढे करा. मी आता पर्समध्ये दोन ठेवते. वहिनी हसते, पण परवाच्या बारशाला तिनेच एक मागून घेतला.