आधी ‘थांबा’

दिल्लीहून मुंबईकडे जाणारा लोहमार्ग करोंद या उपनगराशेजारच्या निशातपुऱ्यावरून भोपाळात शिरतो, नर्मदा ओलांडतो आणि इटारसी, भुसावळ, मनमाड करत थळ घाट उतरतो. वाफेच्या इंजिनांच्या काळात अशा मार्गांवर जी शिस्त बसली, तिचं सूत्र साधं होतं. गाडी थांबलेलीच असायची. पुढे जायची परवानगी तिनं दरवेळी नव्यानं मिळवायची.

जुना हाताचा सिग्नल याच सूत्रावर चाले. हात आडवा असेल तर थांबा, खाली पडला तर जा. केबिनमधला लिव्हर ओढला की लांबवर टाकलेली तार ताणली जाई आणि सिग्नल पडे. मधेच तार तुटली, तर खांबावरचं वजन हात आपसूक आडवा करी. बिघाडाचा शेवट गाडी थांबण्यातच व्हावा, अशी ती रचना होती. रात्री रॉकेलचा दिवा हेच काम करी. ज्योत पिवळसर, म्हणून हिरव्या खुणेसाठी निळसर काच बसवत. मग लांबून हिरवा रंग दिसे.

पुढच्या स्टेशननं ‘लाइन क्लिअर’ दिल्याशिवाय मागच्यानं गाडी सोडायची नाही, हा दुसरा पहारा. एकेरी मार्गावर त्यासाठी नीलचं टोकन यंत्र असे. दोन स्टेशनांची यंत्रं विजेनं एकमेकांशी बांधलेली. एकातून टोकनचा गोळा बाहेर आला, की तो दोन्हींपैकी एका यंत्रात परत पडेपर्यंत दुसरा गोळा निघतच नसे. गोळा हाती आल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवत नसे.

थळ घाटात हाच नियम अधिक कडक झाला. 1865 च्या जानेवारीत लोहमार्ग इगतपुरीला पोचला. कसाऱ्यापासून वर चढताना दर 37 फुटांना एक फूट चढ. उतरताना गाडी हाताबाहेर गेली तर काय, याचं उत्तर म्हणजे कॅच सायडिंग, म्हणजे चढावर जाऊन संपणारा बाजूचा रूळ. सांधे नेहमी तिकडेच वळवलेले असतात. उतरणारी गाडी आधी पूर्ण थांबते, आपले ब्रेक लागतात हे दाखवून देते आणि मगच सांधा मुख्य मार्गाकडे वळतो.

पुलांनाही हीच कसोटी. भोर घाटातून 1863 मध्ये गाड्या धावू लागल्या आणि चारच वर्षांत, 1867 च्या पावसाळ्यात, तिथला आठ कमानींचा दगडी पूल कोसळला. दगडी बांधकामही डोळे झाकून मान्य करून चालत नाही, हे त्या घटनेनं शिकवलं. तुळयांच्या पुलाची चाचणी घेताना जड इंजिनं जोडून गाळ्याच्या मध्यावर उभी करत, तुळई किती वाकली ते मोजत, आणि इंजिनं काढल्यावर ती पूर्ववत होते का ते पाहत. मग तीच इंजिनं वेगानं पुलावरून नेत. वाफेच्या इंजिनाच्या चाकांवर तोलासाठी वजनं असत. चाकाच्या दर फेऱ्याला त्यांचा ठोका रुळावर बसे. वेग दुप्पट झाला की ठोका चौपट. पुलाच्या स्वतःच्या कंपनाशी त्या ठोक्यांचा ताल जुळला, तर धोका सर्वाधिक. ब्रिटनमध्ये अभियंते यूइंग यांच्या अध्यक्षतेखालील समितीनं 1923 पासून याचा अभ्यास केला आणि 1928 मध्ये अहवाल दिला.

मग तपासणाऱ्याला तपासायचं कोणी? 1890 च्या रेल्वे कायद्यानं निरीक्षकाच्या पाहणीशिवाय नवा मार्ग प्रवाशांसाठी उघडणं बंद केलं. 1941 मध्ये हे निरीक्षक रेल्वे बोर्डापासून वेगळे झाले. आजही रेल्वे सुरक्षा आयुक्त नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत काम करतात. रेल्वेनं स्वतःला स्वतःच प्रमाणपत्र देऊ नये, हा शहाणपणा त्यामागे आहे.

थांबवण्याच्या या अधिकाराचं मोल भोपाळला ठाऊक आहे. 1984 च्या डिसेंबरात, करोंदपासून जवळच असलेल्या युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून वायू सुटला, त्या रात्री भोपाळ स्टेशनवर उपस्टेशन अधीक्षक गुलाम दस्तगीर ड्यूटीवर होते. त्यांनी भोपाळकडे गाड्या सोडू नका, असं शेजारच्या स्टेशनांना कळवलं, आणि फलाटावर भरून उभी असलेली गाडी वरच्या मंजुरीची वाट न पाहता वेळेआधी काढून दिली. नियमाचा हेतू जाणणारा माणूसच नियम कधी पाळायचा आणि कधी ओलांडायचा हे ठरवू शकतो.

आता लिव्हरच्या जागी संगणक आले आहेत. गाडी थांबवायला कारण लागत नाही, सोडायला मात्र पुरावा लागतो, ही अट त्यांच्याही बाबतीत तसूभर ढिली होता कामा नये. घाईच्या दिवसांत ती सांभाळणाऱ्या माणसाच्या पाठीशी आपण प्रवाशांनीही उभं राहायला हवं. गाडीला होणारा तो उशीर आपल्याच जिवासाठी असतो.