गाडी स्टिअरिंगचे तेल ‘पीत’ नाही

राजुऱ्याहून गडचांदूरमार्गे कोरपना गाठणाऱ्या रस्त्यावर सिमेंटच्या ट्रकांची ये-जा दिवसरात्र चालू असते. गडचांदूर, आवारपूर, उपरवाही येथे सिमेंटचे मोठे कारखाने आहेत. अशा रस्त्यालगतच्या गॅरेजमध्ये थोडा वेळ बसले, तर चालकाच्या तोंडून एक वाक्य ऐकू येतेच: “स्टिअरिंगचे तेल गाडी पिते. आठ-पंधरा दिवसांनी थोडे टाकावे लागते.”

हे वाक्य तपासून पाहण्याजोगे आहे. डिझेल जळते, म्हणून संपते. इंजिनातील तेलही थोडेफार जळते. पण पॉवर स्टिअरिंगचे तेल कशातच जळत नाही. ते एका बंद मार्गात फिरत राहते. मग ते कमी का होते? उत्तर एकच आहे: ते कुठून तरी बाहेर गळते आहे. हे उत्तर नीट समजण्यासाठी ते तेल नेमके काय काम करते, हे आधी पाहू.

जोर कुणाचा?

उभ्या गाडीची पुढची चाके वळवताना टायर आणि रस्ता यांमधील घर्षणावर मात करावी लागते. पुढच्या चाकांवर जितका जास्त भार, तितके घर्षण अधिक. पूर्वीच्या ट्रकांचे स्टिअरिंगचे चाक मोठ्या व्यासाचे असे आणि ते बरेच फेरे फिरवावे लागे, त्याचे कारण हेच. तरफेच्या तत्त्वाने बल कमी लागे. मात्र हात जास्त अंतर फिरवावा लागे.

पॉवर स्टिअरिंगमध्ये इंजिनाच्या पट्ट्यावर एक पंप फिरतो. तो तेल दाबाखाली स्टिअरिंगच्या पेटीकडे पाठवतो. तेथे एका नळकांड्यात दट्ट्या असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना तेल असते. ज्या बाजूचा दाब वाढेल, तिच्या विरुद्ध दिशेला दट्ट्या सरकतो आणि चाके वळतात. समजा, दाब दर चौरस सेंटीमीटरला ५० किलोग्रॅम-भार आहे आणि दट्ट्याचे क्षेत्रफळ ८ चौ. सें.मी. आहे. तर दट्ट्यावर ४०० किलोग्रॅम-भार इतके बल पडेल.

येथे पास्कलचा नियम शिकवताना एक फरक सांगावा. द्रवचलित जॅकमध्ये काम आपला हातच करतो. बल वाढते, पण अंतर कमी होते. पॉवर स्टिअरिंगमध्ये बहुतेक काम इंजिन करते. हाताने फक्त ‘कोणत्या बाजूला आणि किती’ एवढेच सांगायचे असते.

हा निरोप पोचवते एक बारीक पोलादी सळई. स्टिअरिंगचे चाक फिरवले की ती किंचित पिळली जाते आणि त्या पिळामुळे झडपेची एका बाजूची वाट जास्त उघडते. हात थांबला की पीळ सुटतो आणि झडप पुन्हा मधोमध येते.

अमेरिकन अभियंता फ्रान्सिस डेव्हिस याने १९२० च्या दशकात ही यंत्रणा मोटारीत बसवून दाखवली. तेल सतत दाबाखाली कोंडून ठेवण्याऐवजी ते मोकळे वाहू द्यावे आणि चाक वळवतानाच वाट अडवून दाब निर्माण करावा, ही त्याची कल्पना होती. त्यामुळे गळती आटोक्यात आली. तरीही सर्वसामान्य ग्राहकाला अशी मोटार विकत मिळण्यास १९५१ साल उजाडले. त्या वर्षी क्रायस्लर कंपनीने आपल्या ‘इंपीरियल’ मोटारीत ही सोय दिली.

पातळी घसरली की काय होते?

तेलाची टाकी रिकामी होऊ लागली की पंप तेलाबरोबर हवाही ओढतो. १०० वातावरण दाबाखाली तेलाचे आकारमान एक टक्काही घटत नाही. हवेचे मात्र, तापमान तेच राहिल्यास, बॉइलच्या नियमाप्रमाणे सुमारे शंभरावा हिस्सा उरते. म्हणजे पंपाचे श्रम दट्ट्या ढकलण्याऐवजी बुडबुडे दाबण्यात जातात. तेलाला फेस येतो, वळताना पंप कण्हल्यासारखा आवाज करतो आणि स्टिअरिंग मधूनच जड, मधूनच हलके लागते. शिवाय पंपाला वंगण पुरवणारे तेलही हेच असते. तेल नाही म्हणजे वंगण नाही. मग पंप आतून झिजतो.

हे वर्गात दाखवता येते. सुई नसलेल्या दोन लहान-मोठ्या सिरिंजा रबरी नळीने जोडा आणि त्यांत पाणी भरा. लहान दट्ट्या दाबताच मोठा सरकतो. आता निम्मे पाणी काढून तेथे हवा राहू द्या आणि मोठा दट्ट्या बोटाने किंचित रोखून धरा. लहान दट्ट्या आत जातो, मोठा मात्र उशिरा आणि अडखळत हलतो.

ऊन, धूळ आणि चुकीचे तेल

मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४६-४७ अंशांवर जातो. तेलाचे तापमान त्याहून कितीतरी जास्त असते. तापलेल्या तेलाची श्यानता घटते, म्हणजे ते पातळ होते आणि झिजलेल्या सीलमधून सहज निसटते. चाक पूर्ण वळवून तसेच धरून ठेवले, तर पंपाचा दाब कमाल होतो. तेल सुरक्षा-झडपेतून फिरत राहते आणि झपाट्याने तापते. म्हणून अशा स्थितीत चार-पाच सेकंदांहून जास्त थांबू नये.

धूळ शत्रू खरी, पण गळती शोधताना तीच मदत करते. कोरड्या भागावरची धूळ फडक्याने झटकली जाते. तेल पाझरते तेथे तिचा काळा चिकट थर जमतो. पाइपांचे सांधे, पंपाचा दांडा आणि स्टिअरिंगच्या पेटीच्या टोकांचे रबरी बूट येथे तो शोधावा. फाटक्या बुटातून पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल आत शिरतो आणि सील खरवडतो. टाकीचे झाकण उघडण्याआधी ते पुसावे, हेही त्यासाठीच.

तेल कोणते घालायचे, हे गाडीच्या पुस्तिकेत पाहावे. काहींना स्वयंचलित गिअरपेटीचे लाल तेल चालते, काहींना वेगळेच लागते. हाताशी आहे म्हणून ब्रेकचे तेल मात्र कधीही घालू नये. ते ग्लायकॉलवर्गीय असते आणि खनिज तेलासाठी बनवलेल्या सीलचे रबर त्याने खराब होते. तेल काळपट झाले किंवा त्याला जळका वास आला, तर ते बदलण्याची वेळ आली आहे.

पातळी कशी पाहावी?

गाडी सपाट जागी उभी करून इंजिन बंद करावे. टाकीवर ‘कोल्ड’ आणि ‘हॉट’ अशा दोन खुणा असतील, तर योग्य ती पाहावी. तेलाचे आकारमान दर अंशाला सुमारे ०.०७ टक्के वाढते. म्हणजे एक लीटर तेल ६० अंशांनी तापले, तर ४० मिलिलीटरहून अधिक फुगते. सकाळची आणि दुपारची पातळी वेगळी दिसली, तर ती लगेच गळती समजू नये.

आजच्या बहुतेक नव्या मोटारींत हे काम विजेची मोटर करते. त्यांत अशी टाकी नसतेच. ट्रक, ट्रॅक्टर आणि जुन्या जीप यांच्यासाठी मात्र हे सारे लागू आहे.

उतारावर इंजिन बंद करू नका

गडचांदूरहून जिवतीकडे जाताना माणिकगडचे डोंगर लागतात. अशा उतारावर इंधन वाचवण्यासाठी इंजिन बंद करण्याची सवय काही चालकांना असते. इंजिन थांबले की पंप थांबतो. चाकांशी असलेली यांत्रिक जोडणी तुटत नाही, म्हणून गाडी वळते. पण सारा जोर एकट्या हाताचा उरतो. ब्रेकची मदतही लवकरच संपते. किल्ली काढली, तर स्टिअरिंग कुलूपबंदही होऊ शकते. वळण समोर असताना हे कळून उपयोग नाही.

ते आधी कळावे म्हणून शाळेच्या आवारात एक मापन करावे. जाणत्या चालकाला गाडीत बसवून, हातब्रेक लावून आणि गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून, स्टिअरिंगच्या कडेला दोरी बांधा आणि ती तानकाट्याने स्पर्शरेषेच्या दिशेत ओढा. चाक फिरू लागण्यास किती बल लागते, ते इंजिन बंद असताना आणि चालू असताना लिहून घ्या. मुलांनी गाडीच्या चाकांपासून दूर उभे राहावे. दोन आकड्यांतील फरक म्हणजे उतारावर किल्ली फिरवून चालक जी मदत गमावतो, तिचे माप.

आणि ‘गाडी तेल पिते’ असे कुणी म्हणाले, तर त्याला एवढेच विचारावे: “मग ते गेले कुठे?”